जुन्या अँबेसेडरला बूस्टरशिवाय डिस्क ब्रेक: डिस्क बसवणं सोपं, पायाचं गणित अवघड

आमच्या आप्पांची अँबेसेडर मार्क फोर आहे, १९८४ ची, पेट्रोल. चाळीसगावला घरासमोर निंबाखाली उभी असते आणि अजूनही महिन्यातून दोनतीनदा कन्नड घाट चढून उतरून येते. चढायला काही त्रास नाही, दुसऱ्या गिअरमध्ये आरामात जाते. उतरताना मात्र चारपाच वळणं झाली की पेडल खाली जायला लागायचं, पाय दाबावा तितका कमीच पडायचा, आणि सपाटीला पाटणादेवीच्या फाट्याकडे येईपर्यंत चाकांतून जळका वास यायचा. लायनर बदलले, ड्रम फेसिंग करून आणले, ब्रेक ॲडजस्ट केले, दोन महिने बरं वाटायचं आणि मग परत तेच. शेवटी पुढच्या दोन चाकांना डिस्क टाकायचं ठरवलं, ते पण बूस्टर (इंजिनच्या व्हॅक्यूमवर पायाचा जोर वाढवणारा डबा) न लावता, आणि त्यात एक मोठी चूक झाली. ती नेमकी का झाली हे मला नीट समजायला सहा महिने गेले, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो. धुळे, जळगाव, नंदुरबारकडे अजून बऱ्याच जणांकडे अँबेसेडर, पद्मिनी, जुन्या जीपा आहेत आणि प्रत्येकाला कोणीतरी सांगतंच, डिस्क टाकून घे, झालं काम.

पहिले ब्रेक काय करतो ते बघू. ब्रेक गाडीच्या वेगाची उष्णता करतो, बस एवढंच काम. गाडी आणि माणसं मिळून समजा १४०० किलो वजन आहे आणि वेग ताशी ८० किमी आहे, तर ती एकदा पूर्ण थांबवताना ब्रेकमध्ये जेवढी उष्णता तयार होते तेवढ्यात साधारण एक लिटर पाणी उकळायला येतं. हे चारपाच सेकंदात. आता घाटाचं बघा. समजा ३०० मीटर उंची उतरायची आहे आणि सगळं ब्रेकवरच रेटायचं आहे, तर तेरा लिटर, म्हणजे जवळजवळ एक घागरभर पाणी उकळेल एवढी उष्णता ब्रेकमधून बाहेर काढावी लागते. इंजिन ब्रेकिंग यातला बराच भार उचलतं, म्हणून जुने ड्रायव्हर सांगतात ना की ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर, ते शंभर टक्के खरं आहे आणि डिस्क लावल्यावर पण खरंच राहतं. पण उरलेली उष्णता जाणार कुठे? आणि मे महिन्यात आपल्याकडे बाहेरचीच हवा ४४-४५ डिग्री असते.

ड्रम ब्रेक म्हणजे बंद डबा. चाकासोबत फिरणारा बिडाचा ड्रम, आतमध्ये दोन अर्धगोल शू, त्यावर लायनर, आणि पेडल दाबलं की व्हील सिलेंडर ते शू बाहेर ढकलतं आणि लायनर ड्रमला आतून घासतं. उष्णता आतच तयार होते आणि बिडाच्या जाडीतून बाहेर यायला वेळ लागतो. ड्रम तापला की फुगतो, फुगला की शूपासून लांब जातो, म्हणजे पेडल आणखी खाली. लायनर तापला की त्याची पकड कमी होते. यालाच फेड म्हणतात. पावसाळ्यात नाल्यातून गाडी काढली की डब्यात पाणी शिरतं आणि पहिले काही ब्रेक लागतच नाहीत, हे तर आपल्याकडे सगळ्यांनी अनुभवलेलं आहे.

पण ड्रममध्ये एक मोठा गुण आहे आणि सगळी गोष्ट या गुणाभोवतीच फिरते. दाराखाली पाचर ठोकलेली असते ना, दार जितकं ढकलाल तितकी ती जास्त अडकते. ड्रममधला पुढचा शू, ज्याला लीडिंग शू म्हणतात, तो अगदी तसाच वागतो. फिरणारा ड्रम त्या शूला घासताना स्वतःच्या दिशेने ओढतो आणि शू आणखी घट्ट दाबला जातो. म्हणजे तुमच्या पायाने थोडं दाबलं, बाकीचं काम गाडीच्या वेगानेच केलं. ही फुकटची मदत आहे. बऱ्याच जुन्या गाड्यांत पुढच्या चाकांना दोन्ही शू लीडिंग असतात, मदत आणखी जास्त. म्हणूनच बूस्टर नसताना पण आपल्या आयाबहिणी अँबेसेडर आरामात चालवायच्या.

या मदतीची उलटी बाजू पण आहे. लायनरची पकड गरम होऊन थोडी जरी कमी झाली तरी ही मदत पण सोबतच घटते, म्हणजे पकड वीस टक्क्यांनी घटली तर ब्रेक वीस टक्क्यांपेक्षा बराच जास्त घटतो. घाटात पेडल एकदम दगा देतं ते यामुळे. आणि डाव्या चाकाचा लायनर थोडा ओला किंवा तेलकट असला की गाडी एका बाजूला ओढते ते पण यामुळेच.

आता डिस्क. सायकलचे रिम ब्रेक आठवा, दोन रबर रिमला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. डिस्क ब्रेकमध्ये रिमच्या जागी लोखंडी तबकडी आणि रबराच्या जागी पॅड, आणि ते पॅड दाबणारा चिमटा म्हणजे कॅलिपर. तबकडी उघड्यावर फिरते, हवा लागते, लवकर थंड होते. तापून फुगली तर पॅडच्या दिशेनेच फुगते, त्यामुळे पेडल खाली जात नाही. पाणी फेकून देते आणि उरलेलं पॅड पुसून टाकतं. ही कल्पना नवीन पण नाहीये, बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ सालीच डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं होतं. पण तिचा खरा गवगवा झाला १९५३ ला, फ्रान्सच्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत डिस्कवाली जॅग्वार सी टाईप पहिली आली तेव्हा, कारण तिथे पूर्ण वेगातून वारंवार ब्रेक मारायला लागायचे आणि ड्रमवाल्या गाड्या थकायच्या. दोन वर्षांनी, १९५५ ला, सिट्रोएन डीएस पुढच्या डिस्क घेऊनच बाजारात आली. वेगातून पुन्हा पुन्हा ब्रेक मारणं आणि घाट उतरणं, दोन्हीत ब्रेकला सोसावं लागतं ते एकच.

पण डिस्कमध्ये पाचर नाही. तबकडी पॅडच्या मधून सरळ सरकत जाते, पॅडला आत ओढत नाही. फुकटची मदत शून्य. जेवढं तुम्ही दाबाल तेवढंच मिळेल. म्हणून डिस्कला ड्रमपेक्षा बरंच जास्त प्रेशर लागतं आणि म्हणूनच कंपन्या डिस्कसोबत बूस्टर देतात. अँबेसेडरच्या उशिराच्या काही मॉडेलला कंपनीनेच पुढे डिस्क दिले, पण बूस्टर लावूनच.

आमची चूक इथेच झाली. डिस्क, कॅलिपर, स्टब ॲक्सलचे (पुढचं चाक ज्यावर फिरतं त्या दांड्याचे) भाग असा सेट भंगारातल्या एका उशिराच्या अँबेसेडरचा मिळाला, चांगला होता. आप्पांचं म्हणणं होतं की बोनेटखाली आहे तसंच दिसलं पाहिजे, बूस्टरचा तो मोठा डबा नको. शिवाय मला पण वाटत होतं की इंजिन बंद पडलं, व्हॅक्यूमचा पाईप निघाला तरी ब्रेक जसाच्या तसा राहिला पाहिजे, कमी सामान, कमी भानगड. हे मला आजही पटतं. मिस्त्रींनी काम हातात घेतानाच सांगितलं होतं, "बूस्टर नही त पाय दुखी भो." मी म्हटलं दुखला तर दुखला. मग डिस्कसाठी म्हणून दोन सर्किटचा मास्टर सिलेंडर, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेकच्या पाईपांत ऑईल ढकलणारा सिलेंडर, आणला, तो दुसऱ्या एका बूस्टरवाल्या गाडीचा, एक इंची बोअरचा, म्हणजे आतून एक इंच व्यासाचा. सगळं बसवलं, ब्लीडिंग केलं, म्हणजे पाईपांतली हवा काढली, पेडल दगडासारखं कडक. आम्ही खूश, वा काय पेडल आहे. आणि पहिल्याच फेरीत मालेगाव रोडला स्पीडब्रेकरपाशी गाडी थांबेचना, दोन्ही पाय पेडलवर ठेवून कशीबशी थांबली. ड्रम होते तेव्हा पण असं कधी झालं नव्हतं.

कडक पेडल म्हणजे चांगला ब्रेक नव्हे. हे गणित जरा शांतपणे बघा, आठवी नववीचंच आहे.

पेडल म्हणजे पहार. पहारेने दगड उचलताना टेकू दगडाजवळ आणि हात लांब असला की जोर वाढतो. पेडल जिथे लोंबतं त्या पिनपासून पाय ठेवायच्या जागेपर्यंतचं अंतर मोजा, आणि त्याच पिनपासून मास्टर सिलेंडरची दांडी जिथे जोडली आहे तिथपर्यंतचं अंतर मोजा. पहिल्याला दुसऱ्याने भागा. ३० सेंमी आणि ६ सेंमी असेल तर पाचपट. ३० आणि ५ असेल तर सहापट. बूस्टरवाल्या गाड्यांत हे साधारण चारपट असतं, बिनबूस्टरच्या डिस्कला सहापटीच्या आसपास लागतं. आमच्याकडे पाचपट भरलं.

आता पायाने ४० किलो जोर लावला, हा बऱ्यापैकी जोर आहे पण घाबरल्यावर कोणीही लावतो. पाचपट म्हणजे २०० किलो. हा जोर मास्टर सिलेंडरच्या पिस्टनवर पडतो. एक इंची बोअरच्या पिस्टनचं क्षेत्रफळ साधारण ५.०७ चौरस सेंमी, म्हणजे लाईनमध्ये प्रेशर आलं ३९ किलो प्रति चौरस सेंमी. डिस्कला जोरात ब्रेक मारताना ६० ते ८० लागतं. मग गाडी थांबेल कशी?

इथे सगळ्यांचा गोंधळ होतो. मोठा मास्टर सिलेंडर म्हणजे जास्त ताकद असं वाटतं, आणि आहे बरोबर उलटं. तोच जोर लहान पिस्टनवर पडला तर प्रेशर जास्त येतं, टाचणी आणि खिळ्याचा फरक. आम्ही सात सूत बोअरचा, म्हणजे २२.२ मिमीचा सिलेंडर घेतला, त्याचं क्षेत्रफळ ३.८७ चौरस सेंमी, आणि पेडलवर दांडीचं भोक पिनच्या जवळ घेऊन सहापट केलं. आता ४० किलोचे झाले २४०, भागिले ३.८७, म्हणजे ६२. त्याच पायात दीडपटीपेक्षा जास्त प्रेशर. पाऊण इंची, म्हणजे सहा सूत बोअर घेतला असता तर ८४ पर्यंत गेलं असतं.

मग सरळ सहा सूतच का नाही घ्यायचा? कारण लहान पिस्टन प्रत्येक मिलिमीटरला कमी ऑईल ढकलतो. प्रेशर जितक्या पटीने वाढतं, पेडल तितक्याच पटीने जास्त खाली जातं. कॅलिपरचे पिस्टन मोठे असले आणि बोअर फार लहान घेतलं तर पेडल फ्लोअरला टेकेल आणि ब्रेक पूर्ण लागलेलाच नसेल, ते तर आणखी धोक्याचं. प्रेशर आणि पेडलचा प्रवास हा सौदा आहे, एक घेतलं की दुसरं द्यावं लागतं. बिनबूस्टरच्या डिस्कचं पेडल थोडं लांब जाणारं आणि पाय ठेवल्यावर हळूहळू घट्ट होत जाणारं असं असायला पाहिजे, आणि मला तर ते बूस्टरच्या पेडलपेक्षा जास्त आवडतं, किती दाबलं तर किती थांबते ते तळव्याला बरोबर कळतं. पेडलचं भोक बदलताना मात्र दांडी सिलेंडरमध्ये तिरकी जात नाही ना ते बघा, आणि पेडलला कच्चं वेल्डिंग अजिबात नको, पेडल तुटलं तर बाकी सगळं बेकार.

मागचे ड्रम आम्ही तसेच ठेवले आणि तुम्ही पण ठेवा. हँडब्रेक त्यावरच आहे आणि मागे तसंही काम कमी असतं, कारण ब्रेक मारला की गाडी पुढे वाकते, वजन पुढच्या चाकांवर येतं, मागची चाकं हलकी होतात. पण इथे दुसरा सापळा आहे. आता लाईनमध्ये प्रेशर जास्त आलंय, पुढच्या डिस्कना ते हवंच आहे, पण तेच प्रेशर मागच्या ड्रमला गेलं तर पाचरीच्या गुणामुळे मागची चाकं आधी जाम होतात. पुढची चाकं जाम झाली तर गाडी सरळ घसरते, वाईटच आहे, पण मागची जाम झाली तर शेपूट पुढे येतं आणि गाडी गरकन फिरते. आपल्याकडे पहिल्या पावसात काळ्या मातीचा चिखल शेतातल्या ट्रॅक्टरबरोबर डांबरावर येतो, तिथे तर विचारूच नका.

म्हणून मागच्या लाईनमध्ये प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह टाकायचा. एका ठराविक प्रेशरपर्यंत तो सगळं जाऊ देतो, त्यापुढे मागचं प्रेशर हळू वाढू देतो. नॉबवाला घ्या. मोकळ्या मैदानात, आजूबाजूला कोणी नसताना, ताशी ३० किमीवरून जोरात ब्रेक मारा आणि बाहेर एक माणूस उभा करून बघायला सांगा कोणती चाकं आधी जाम होतात. पुढची आधी झाली पाहिजेत. मागची आधी होत असतील तर नॉब कमी करा. गाडीत एकटे असताना आणि मागे तीन जण आणि डिकीत सामान असताना, दोन्ही वेळा बघा.

दोन सर्किटचा मास्टर सिलेंडर हा माझ्या मते या सगळ्या कामातला सगळ्यात मोलाचा भाग, डिस्कपेक्षा पण. जुन्या गाड्यांत एकच सर्किट, कुठेही एक पाईप फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. दोन सर्किटमध्ये पुढचं वेगळं, मागचं वेगळं, एक गेलं तरी दुसरं उरतं. ज्यांना डिस्क नको असेल त्यांनी एवढं तरी करून घ्या.

मास्टर सिलेंडरमध्ये आणखी एक बारकी गोष्ट लपलेली असते. ड्रमसाठीच्या बऱ्याच जुन्या सिलेंडरमध्ये आत एक छोटा व्हॉल्व्ह असतो, तो पेडल सोडल्यावर पण लाईनमध्ये थोडं प्रेशर धरून ठेवतो, साधारण ०.७ किलो. ड्रममध्ये शूच्या स्प्रिंगा मजबूत असतात म्हणून चालतं. डिस्कमध्ये पॅड मागे ओढायला स्प्रिंग नसते, फक्त पिस्टनचा रबर सील थोडासा मागे घेतो, त्यामुळे तेवढ्या प्रेशरने पॅड कायम घासत राहतात, तापतात, ॲव्हरेज जातं. म्हणून पुढच्या लाईनला तो व्हॉल्व्ह नको. जुन्या जीपसारखा मास्टर सिलेंडर फ्लोअरखाली, कॅलिपरच्या खालच्या पातळीवर असेल तर मात्र ऑईल उलटं वाहून येऊ नये म्हणून डिस्कसाठीचा हलका व्हॉल्व्ह लागतो, साधारण ०.१५ किलोचा. मास्टर सिलेंडरवरची पुढच्या सर्किटची ऑईलची टाकी पण मोठी पाहिजे, कारण पॅड झिजतात तसे कॅलिपरचे पिस्टन बाहेर येतात आणि ऑईल तिकडे जाऊन बसतं.

बसवताना आमचा एक अख्खा रविवार गेला तो कॅलिपर डावे उजवे बदलल्यामुळे. दिसायला दोन्ही सारखेच. पण ब्लीडिंगचा निपल वरच्या टोकाला आला पाहिजे, कारण हवा वर जाते. उलटे लावले की निपल खाली येतो आणि कितीही लिटर ऑईल काढा, वरची हवा आतच राहते. ठिबकच्या नळीत हवा अडकली की पुढच्या झाडांना पाणी जात नाही, तसंच, फक्त इथे हवा दबते आणि पेडल स्पंजसारखं लागतं. ब्लीडिंग लांबच्या चाकापासून सुरू करायचं, आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे म्हणून मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं.

मास्टर सिलेंडरची दांडी आणि पिस्टन यांच्यात एकदीड मिमी ढिलाई ठेवा. ही ढिलाई नसली तर सिलेंडरमधलं बारीक भोक झाकलं जातं, ऑईल तापून वाढलं की त्याला टाकीत परत जायला वाट राहत नाही, आणि दहावीस किमी गेल्यावर ब्रेक आपोआप लागायला लागतो. आपल्या उन्हाळ्यात तर लवकरच.

ऑईल डॉट ४ घ्या. नवीन डॉट ३ कमीत कमी २०५ डिग्रीला उकळतं, डॉट ४ कमीत कमी २३० ला, पण दोन्ही हवेतलं पाणी शोषतात आणि पाणी मुरल्यावर हेच आकडे १४० आणि १५५ पर्यंत उतरू शकतात. उकळलं की वाफ होते, वाफ दबते, पेडल फ्लोअरला. म्हणून दोन वर्षांनी बदलायचंच. आणि कॅलिपरचे सील पेट्रोल डिझेलने कोणालाही धुऊ देऊ नका, रबर फुगून बाद होतं, ब्रेक ऑईलनेच पुसा. पाईप स्टीलचाच, साधा तांब्याचा नको, तो थरथरून चिरतो. होज लावल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून आणि चाक पूर्ण लोंबतं ठेवून बघा की ताणत नाही, घासत नाही.

पॅड नवीन असताना लगेच घाटात जाऊ नका. रिकाम्या रस्त्यावर ६० वरून १५ पर्यंत मध्यम ब्रेक, असं दहाबारा वेळा, मध्ये थोडं चालवून थंड करायचं, पूर्ण थांबायचं नाही, म्हणजे पॅडचा थर तबकडीवर सारखा बसतो.

एक सांगतो, एका ब्रेकमध्ये गाडी किती अंतरात थांबते हे शेवटी टायर ठरवतो. चांगले ॲडजस्ट केलेले थंड ड्रम चाकं जाम करू शकत असतील तर डिस्कने ते अंतर फारसं कमी होत नाही. फरक पडतो तो दहाव्या ब्रेकला, पावसात, घाटात. ज्यांची गाडी फक्त गावात लग्नाला आणि १५ ऑगस्टला निघते त्यांनी ड्रम नीट ठेवावेत, खर्च करू नये. ज्यांना लळिंग, कन्नड, तोरणमाळ असे घाट उतरायचे असतात त्यांनी करावं.

कायद्याचं पण बघून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीत बदल करण्यावर बंधनं आहेत, तेव्हा काम करायच्या आधी आपल्या आरटीओत विचारा आणि इन्शुरन्सवाल्यांना कळवा. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेल्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळते, पण गाडी मूळ रूपात असायला लागते. तो विचार असेल तर काढलेले ड्रम, स्टब, सगळं सामान ग्रीस लावून जपून ठेवा. आमचं माळ्यावर पोत्यात आहे.

आता घाटातून खाली आलो की मी गाडी बाजूला घेतो आणि प्रत्येक चाकाजवळ हात नेतो, हात लावत नाही, फक्त जवळ. पुढची दोन्ही सारखी गरम असली पाहिजेत, मागची दोन्ही सारखी कोमट. एखादं जास्त तापलेलं वाटलं तर घरी येऊन जॅकवर घेऊन चाक हाताने फिरवून बघतो. गेल्या पावसाळ्यात पुढचं डावं जास्त तापत होतं, खोललं तर कॅलिपरच्या सरकत्या पिनांमध्ये चिखल वाळून बसला होता. साफ केलं, त्यासाठीचं सिलिकॉन ग्रीस लावलं, रबरी टोप्या नवीन टाकल्या, आणि पुढच्याच रविवारी आप्पा स्वतः चालवत कन्नडला जाऊन आले.